हो, ऐकू आलं

खोटं बोलायला मी वॉर्डातल्या राउंडला शिकले. मोठे सर एखाद्या बाळाच्या छातीवर स्टेथोस्कोप टेकवायचे आणि म्हणायचे, "इथे ऐका." आम्ही सात शिकाऊ डॉक्टर ओळीने ऐकायचो आणि ओळीने माना डोलवायचो. "ऐकू आलं?" "हो सर." मला कितीदा तरी काही म्हणजे काही ऐकू यायचं नाही. पण सहा जणांनी हो म्हटल्यावर सातवीने नाही म्हणायचं? स्वतःच्या हाताने स्वतःची शोभा कोण करून घेईल? आता वाटतं, त्या सहांतले निदान तीन तरी माझ्याचसारखे बहिरे असणार.

शाळा संपल्यापासून अकरा वर्षं शिकतेय मी. लहान मुलांची डॉक्टर व्हायची शेवटची परीक्षा एकदा देऊन नापास झाले. आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, शिलाईचं दुकान आहे. तेव्हा त्यांनी गिऱ्हाइकांना सांगितलं, निकाल लांबलाय. तो सहा महिने लांबतच राहिला. दुसऱ्या खेपेला त्यांनी मला नवा एप्रन शिवून दिला आणि म्हणाले, "या वेळी मला खोटं बोलायला लावू नकोस गं बाई."

या परीक्षेत पेशंट खरेखुरे असतात. पलंगावर मूल, शेजारी त्याची आई आणि आपल्या हातात चाळीस मिनिटं. आजाराचं नाव आईने सांगायचं नाही, आपण शोधायचं. मग परीक्षक येऊन उलटतपासणी घेतात.

त्या दिवशी पहिला नंबर माझाच. माझ्या वाट्याला नऊ वर्षांची एक मुलगी आली. दोन वेण्या, लोंबकळते पाय, मांडीवर कोड्यांचं पुस्तक. "मी दर परीक्षेला असते," तिने ऐटीत सांगून टाकलं. आईने माझ्या सगळ्या प्रश्नांची नीट उत्तरं दिली. मी स्टेथोस्कोप कानाला लावणार, तेवढ्यात ती हळूच म्हणाली, "डॉक्टर, मागच्यापेक्षा काही फरक वाटला तर तेवढं सांगाल का? परवा पुन्हा तपासणी झाली, रिपोर्ट अजून कळला नाही. दोन दिवस माझ्या घशाखाली घास उतरत नाहीये."

"बघते हं," मी म्हटलं. समोरच्याचं तोंड बंद करायला आम्ही जे "बघते हं" म्हणतो, ते.

छाती ऐकली. डावीकडे, उजवीकडे, बसवून, झोपवून. ठोके अगदी स्वच्छ. बाकी काही नाही. स्टेथोस्कोप बिघडलाय की काय म्हणून नळीवर टिचकी मारून पाहिली. चांगला होता मेला.

आई पाण्याची बाटली काढायला वाकली, तशी मुलगी माझ्या कानाशी आली. "हृदयाला भोक आहे. छोटंसं. आवाज इथे येतो." तिने छातीच्या डाव्या बाजूला बोट टेकवलं. "मी सगळ्यांना नाही सांगत. तुम्ही नळीला टिचकी मारलीत ना, म्हणून."

बोट होतं तिथे पुन्हा ऐकलं. काही नाही. हृदयाच्या खालच्या कप्प्यांमधलं छिद्र जितकं लहान, तितका आवाज मोठा, हे वाक्य पुस्तकात मी लाल शाईने अधोरेखित केलं होतं. पण डोकं चाललं तर ना! मनात म्हटलं, नेहमीसारखे आपलेच कान दगड.

परीक्षक बाई आल्या. बुटक्या, केस पांढरेशुभ्र, आवाज मऊ. "काय सापडलं?"

"डाव्या बाजूला ठळक आवाज आहे. हृदयाला छोटं छिद्र असावं."

"स्वतः ऐकलात?"

"हो."

त्यांनी आपला स्टेथोस्कोप माझ्या हातात दिला. "पुन्हा ऐका. घाई नाही."

देव तरी माणसाला आणखी किती संधी देणार? मी ऐकलं. काही नव्हतं. "हो, ऐकू आलं," मी म्हटलं. "स्पष्ट."

मुलीच्या वेणीवरून फिरणारा आईचा हात जागच्या जागी थांबला. ती मटकन स्टुलावर बसली. मुलगी मात्र माझ्याकडे बघून गालात हसली. आमचं जमलं होतं ना!

बाईंनी स्वतः ऐकलं, डोळे मिटून, बराच वेळ. मग त्या वळल्या त्या आईकडे. "ताई, आवाज नाहीये. भोक आपोआप बंद झालंय. तपासणीचा रिपोर्टही सकाळी माझ्याकडे आला. परीक्षेनंतर सांगू म्हणून थांबले, ते चुकलं माझं."

आई पदराने तोंड झाकून रडायला लागली. बाई मला एवढंच म्हणाल्या, "ऐकू येत नाही, असं म्हटलं असतंत तरी चाललं असतं." ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

बाहेर बाकावर येऊन बसले. खिशात आबांचा फोन थरथरत होता, उचलायची छाती झाली नाही. नापास झाल्याची नव्हे, मला लाज वाटत होती ती त्या स्टुलाची. बऱ्या झालेल्या लेकराला मी दोन मिनिटांसाठी परत आजारी करून ठेवलं होतं, एका गुणपत्रिकेपायी.

मायलेकी बाहेर आल्या. मी उठले, पण मुलगीच आधी बोलली. आज तिने उड्या मारायच्या, तर मान खाली. "सॉरी, डॉक्टरताई. मी तुम्हाला चुकीचं उत्तर सांगितलं. ते बंद झालंय हे मला खरंच माहीत नव्हतं. माझ्यामुळे नापास झालात ना?"

"कसलं उत्तर?" आईने विचारलं.

आता तरी तोंड उघड, मी स्वतःला म्हटलं. "तुझं काही चुकलं नाही गं. मला काहीच ऐकू आलं नव्हतं. तरी मी हो म्हटलं."

पोरगी म्हणाली, "मग आता ऐका ना."

तिथेच, जिन्यापाशी, मी गुडघ्यांवर बसून ऐकलं. "काही नाही," मी म्हटलं. "नुसते ठोके. अगदी छान."

मुलीचा चेहरा खुलला. आईने तिच्या फ्रॉकचं बटण लावलं आणि माझ्याकडे पाहिलं. आवाजात राग नव्हता.

"आता खरं सांगताय, कशावरून?"

"आतल्या बाईंना विचारा," मी म्हटलं. "त्यांनी ऐकलंय." आणि त्या माउलीने मान डोलावली, लेकीचा हात धरला आणि खरंच विचारायला आत गेली.