चाळिसाच्या आत

कॅलिपरचे दोन्ही जबडे तिने मऊ फडक्याने पुसले, ते एकमेकांना टेकवले आणि तबकडीवरचा काटा शून्यावर असल्याची खात्री करून घेतली. मग ती नवऱ्यासमोर स्टुलावर बसली. त्याने सदऱ्याची कड हनुवटीखाली धरली, पाठ भिंतीला टेकवली आणि नजर समोरच्या खिडकीच्या कडीवर ठेवली. मोजताना खाली पाहायचे नाही, वाकले की माप बदलते, हा त्याचाच नियम होता.

बेंबीच्या खाली चार बोटांवर पेनाची खूण होती. तिथे लोंबणारा त्वचेचा पट तिने चिमटीत धरला. थंड पोलाद अंगाला लागले.

"एक्केचाळीस," ती म्हणाली.

"दुसरं?"

"एक्केचाळीस."

"तिसरं?"

"एक्केचाळीसच."

त्याने वहीत तीन आकडे लिहिले, शेजारी सरासरी लिहिली आणि आठवड्याच्या रकान्यात पंचवीस घातले.

"शेवटचा रविवार राहिला," तो म्हणाला.

"उतरेल की. दर आठवड्याला उतरतोय."

तिने पट वर उचलून धरला आणि खालची जागा कोरड्या कापडाने टिपायला घेतली. तिथे हातभर लांबीची लाल, ओलसर रेघ होती आणि मधोमध दोन जखमा. तिने श्वास रोखून धरला, पण तोंड फिरवले नाही. मलम लावले, सुती कापडाची पट्टी आत सरकवली आणि वरून पट असा अलगद सोडला, जणू कुणाला जाग येईल.

एकतीस वर्षे त्याने एका कारखान्यात तयार माल तपासला होता. कामगार त्याला पाठीमागे 'सूतभर' म्हणत. सूतभर फरकासाठी माल परत पाठवणारा हा माणूस तेव्हा एकशे बेचाळीस किलोंचा होता, आणि साहेब स्वतः कुठल्या मापात बसतात, हा जेवणाच्या सुट्टीतला कायमचा विनोद होता. तो त्याच्या कानावर आला होता. त्याने मनावर घेतला नव्हता. मग निवृत्तीला वर्ष उरले असताना हृदयाचा झटका आला. परिचारिकेने त्याचे कपडे आणि घड्याळ एका पिशवीत घालून बायकोच्या हाती दिले. ती पिशवी तिने चार तास मांडीवरून खाली ठेवली नाही, असे त्याला पुढे मेहुण्याने सांगितले. तिने स्वतः कधीच नाही.

त्यानंतरच्या अडीच वर्षांत चौसष्ट किलो गेले. त्यांच्यावर चढवलेले कातडे मात्र राहिले.

"कापून काढता येतं," सहा महिन्यांपूर्वी शल्यचिकित्सक म्हणाले होते. "जखमा अशाच राहिल्या तर कधीतरी रक्तात विष जाईल, म्हणून काढावं असंच मी म्हणेन. पण तुमचं हृदय थकलेलं आहे. शंभरातले सात-आठ जण अशा वेळी टेबलावरून परत येत नाहीत."

"तो आठवा कोण, हे आधी कळतं का?" बायकोने विचारले. त्या भेटीत ती तेवढेच बोलली.

"नाही, बाई."

"व्यायामाने स्नायू भरले तर?" त्याने विचारले होते. "आतून भराव आला तर कातडं ताणून बसेल ना?"

"दंड-मांड्या थोड्या भरतील. पोटाची खात्री मी देत नाही. सहा महिने करून बघा. निर्णय शेवटी तुमचाच."

त्याने तिथेच मर्यादा ठरवली. आज पट अठ्ठावन्न मिलिमीटर. सव्विसाव्या आठवड्यात चाळिसाच्या आत आला तर शस्त्रक्रिया नाही, नाहीतर सोमवारी फोन करून तारीख घ्यायची. डॉक्टर हसून बरे म्हणाले. मोजायचे काम मात्र त्याने स्वतःकडे ठेवले नाही. ज्याने माल बनवला त्याने तो तपासायचा नाही, हा कारखान्यातला पहिला धडा. घरात दुसरे माणूस एकच होते. त्याने तिला कॅलिपर धरायला शिकवले, शून्य बघायला शिकवले, माप तीनदा घ्यायचे असते हे शिकवले. ती पहिल्या दिवशी म्हणाली होती, "अहो, चाळीस वर्षं संसार मोजला, हे काय अवघड आहे?"

गुरुवारी व्यायामशाळेत तो बाकावर आडवा होऊन वजन उचलत होता. तिथल्या शिक्षिका, ऐन उमेदीत भारोत्तोलनाच्या स्पर्धा जिंकलेल्या आणि आता पन्नाशीला टेकलेल्या, त्याच्या डोक्यापाशी दांड्याखाली हात धरून उभ्या होत्या.

"दंड झकास झालेत, काका. पहिल्या दिवशी वाळत घातलेल्या पायमोज्यासारखे होते."

"पोटही उतरतंय. सतरा मिलिमीटर."

त्यांनी दांडा कडीवर ठेवून दिला. "कुठल्या पोटाचं म्हणताय?"

"आमची ही दर रविवारी मोजते."

"पट्ट्याचं भोक बदललंत का?"

तो उठून बसला. पट्टा चौथ्या भोकात होता. दिवाळखोर माणसाने खिसा चाचपावा तसा त्याने तो बोटाने चाचपला. सहा महिन्यांपूर्वीही तो चौथ्याच भोकात होता.

"हे बघा, मी खोटा धीर देत नाही," शिक्षिका खालच्या आवाजात म्हणाल्या. "दहा-पंधरा किलो उतरलेला माणूस असता, तरणा असता, तर सांगितलं असतं, भरा स्नायू, घट्ट व्हाल. तुमचं कातडं वीस वर्षं ताणलेलं आहे. सुंभ जळतो, पीळ राहतो. व्यायाम सोडू नका, तो हृदयासाठी आहे. पण त्याच्याकडून शिंप्याचं काम मागू नका."

हे त्याला नवीन नव्हते. स्प्रिंग एका मर्यादेपलीकडे ताणली की सोडल्यावर मूळ लांबीला येत नाही, हे त्याने कारखान्यातल्या शिकाऊ उमेदवारांच्या किती तुकड्यांना फळ्यावर काढून दाखवले होते.

शनिवारी दुपारी बायको बाजारात गेल्यावर त्याने वही काढली. पहिल्या आठवड्यात सत्तावन्न, साठ, अठ्ठावन्न. दुसऱ्यात एकोणसाठ, छप्पन्न, अठ्ठावन्न. आठव्या आठवड्यापर्यंत आकडे असेच इकडेतिकडे पडलेले होते, जिवंत. आठव्यापुढे समासात त्याने स्वतः लाल शाईने लिहिले होते : फरक नाही. डॉक्टरांना आत्ताच कळवावे का?

नवव्या आठवड्यात सत्तावन्न, सत्तावन्न, सत्तावन्न. दहाव्यात छप्पन्न, छप्पन्न, छप्पन्न. तिथून दर रविवारी एकेक खाली, जिना उतरावा तसे, प्रत्येक पायरीवर तीन सारखे आकडे.

मऊ वस्तूवर हात दोनदा सारखा पडत नाही. ज्याच्या कागदावर तीन मापे तंतोतंत जुळत, त्याने मोजलेच नाही हे त्याला एका नजरेत कळत असे. अशा चौघांना त्याने कामावरून कमी केले होते. आणि हीच वही सतरा आठवडे त्याने स्वतःच्या हाताने भरली होती.

त्याने कॅलिपर घेतला, न्हाणीघरात जाऊन कडी लावली आणि नियम मोडून आरशासमोर स्वतःच मोजले. सत्तावन्न. पंचावन्न. अठ्ठावन्न. ते त्याने कुठेही लिहिले नाही. खूण पुसली गेली होती, ती पेनाने पुन्हा गडद केली. बायको परतली तेव्हा तो सदरा घालून खिडकीशी बसला होता.

"काही झालं का?"

"काही नाही. पट्टी ओली झालीय, एवढंच."

तिने पिशवी ठेवली आणि हात धुऊन पट्टी बदलली.

रविवारी सकाळी तिने जबडे पुसले, शून्य पाहिले. त्याने पाठ भिंतीला टेकवली, पण नजर कडीवर ठेवली नाही. प्रथमच तो खाली पाहत होता. तिच्या डोक्यावरचा भांग रुंद झाला होता. जबडे पटाला जेमतेम टेकले होते आणि तिचे डोळे तबकडीवर नव्हते. ते मिटलेले होते.

"एकोणचाळीस," ती म्हणाली. गेल्या रविवारपेक्षा दोन पायऱ्या एकदम.

त्याने लिहिले. "दुसरं?"

"एकोणचाळीस."

पेन कागदावर टेकले नाही.

"दुसरं कधी तेवढंच येत नाही," तो म्हणाला. "एक-दोन इकडेतिकडे होतातच."

तिने मान वर केली नाही. बाहेर रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेले. तो वाट पाहत राहिला. कारखान्यात चुकलेल्या माणसासमोर तो असाच गप्प उभा राही, पण तेव्हा हाताची घडी घातलेली असे. आता त्याने मोकळा हात तिच्या खांद्यावर ठेवला होता.

"चाळीस," ती शेवटी म्हणाली.

"हं. तिसरं?"

"...अडतीस."

"बरोबर," तो म्हणाला, आणि तीनही आकडे त्याने सुबक अक्षरात लिहिले. बेरीज केली, तीनने भागले. सरासरी एकोणचाळीस. खाली रेघ ओढून लिहिले : मर्यादेच्या आत. त्याखाली तारीख आणि पूर्ण सही.

ती जखम टिपायला वाकली. कापड लागले तसा त्याचा जबडा आवळला.

"अजून ओलंच आहे," ती म्हणाली.

"राहू दे. दिवसातून दोनदा बदलू पट्टी."

"आणि उद्याचा फोन?"

"करतो ना मीच. तारीख नको म्हणून सांगतो."

तिने मान हलवली. पट्टीच्या घड्या सारख्या केल्या. मग उठून तिने कॅलिपर फडक्यावर घेतला आणि नेहमीची तेलाची बाटली उघडली.

"आज तेल नको," तो म्हणाला. "ग्रीस लाव."

पुष्कळ दिवस वापरायचे नसलेल्या अवजाराला ग्रीस लावून ठेवतात, हेही तिला त्यानेच शिकवले होते. तिने बाटलीचे झाकण परत लावले आणि कपाटातून ग्रीसचा डबा आणला.

"किती लावू?"

"जाड लाव," तो म्हणाला, आणि पट्टी सरकू नये म्हणून सदऱ्यावरून पोट हाताने धरून, सावकाश खुर्चीत बसला.