आनंदीबाईंच्या यजमानांचा आवाज

स्वारगेटजवळच्या मंगल कार्यालयात दर गुरुवारी तीनशे माणसं श्वास रोखून बसत. "आत्मा कुठं जात नाही, फक्त फ्रिक्वेन्सी बदलतो!" असं म्हणून नादबाबा डोळे मिटत आणि स्पीकरमधून कुणाचं तरी गेलेलं माणूस बोलू लागे.

एका गुरुवारी आनंदीबाईंचे वारलेले यजमान बोलले. "गोळ्या पुरे आता."

"ऐकलंत, माई? रक्तदाबाच्या गोळ्या बंद करा म्हणतायत!" बाबा म्हणाले.

आनंदीबाई ढसाढसा रडल्या. लोकांनी हात जोडले.

मी मागच्या रांगेत होतो. जुन्या कॅसेटींमधले आवाज कॉम्प्युटरवर वेगळे करून देणं हा बुधवार पेठेतल्या माझ्या दुकानाचा धंदा. बाबांचा शिष्य दिगंबर लग्नामुंजीच्या कॅसेटी आणायचा. "श्यामसुंदर, एवढाच आवाज ठेवा, बाकी काढा." कशासाठी, ते मी कधी विचारलं नाही. आज कळलं, तरी गप्प राहिलो. माझ्या कामावर तीनशे माणसं थक्क झाली होती. मला ते आवडलं होतं.

पुढच्या गुरुवारी आनंदीबाईंची मुलगी विजयमाला दारातच दिगंबरला धारेवर धरत होती. "आई दवाखान्यात आहे! उजवा हात हलत नाही, आणि अजूनही गोळी घेत नाहीये!"

दुकानातून लॅपटॉप आणून मी तिच्याबरोबर दवाखान्यात गेलो.

"काकू, दिगंबरनं तुमच्याकडून कॅसेट नेली होती?"

"हो, पुतण्याच्या लग्नाची. बाबांना पूजेला हवी होती."

तिची मूळ प्रत माझ्या लॅपटॉपवर होती, ती मी लावली. बँड, भांडी, नुसता गलका.

"मंडईतल्या आरडाओरड्यातही आपल्या माणसाची हाक तुम्हाला कळते ना? प्रत्येक आवाजाची पट्टी निराळी असते. शिवाय तो एका कानाला किंचित आधी पोचतो. त्यावरून आपण तो निवडतो. कॉम्प्युटरही तेच करतो."

मी बँड काढला. भांडी काढली. उरले दोन आवाज.

"आजोबा, अजून एक लिमलेटची!"

"गोळ्या पुरे आता. दात किडतील."

"ही तर आमची सरू," विजयमाला पुटपुटली.

"म्हणजे ते माझ्याशी बोललेच नाहीत?" आनंदीबाईंनी विचारलं.

"नाही, काकू. सरूचा आवाज मीच काढून टाकला होता. 'दात किडतील' त्यांनी कापलं."

 त्यांनी डावा हात मुलीपुढे केला. "दे ती गोळी." आणि मला म्हणाल्या, "माझ्यापुढे काय मान खाली घालता? तिकडं जाऊन सांगा."

मी गेलो. बाबांच्याच स्पीकरवर सगळं ऐकवलं. काहींनी मला शिव्या घातल्या. त्या मला लागू होत्या. बाकीच्यांना एवढंच म्हणालो, "आवाज ऐकून हात जोडण्याआधी विचारा, हा आला कुठून? आणि काय गाळून आला? मी हे वेळेवर विचारलं नाही. त्या बाईंचा हात अजून हलत नाही."