निकालाच्या बाहेरची अकरा

२००३ साली वसमतच्या एका डी.एड. कॉलेजात विद्यापीठाच्या कालिंदी मॅडम आल्या. भावी शिक्षकांना आकडे तपासून पाहायची सवय कितपत आहे, हे त्या प्रश्नावलीतून मोजत होत्या. सातवा प्रश्न होता: एका शाळेचा निकाल वर्षात पन्नासवरून शंभर टक्क्यांवर गेला, तुम्ही काय म्हणाल?

बाकी सगळ्यांनी शिक्षकांचं कौतुक लिहिलं. कुरुंद्याच्या सपना खिल्लारेनं लिहिलं, "परीक्षेला बसले किती, ते आधी विचारीन. आम्ही शिकवायचा सराव करतो त्या शाळेत सातवीच्या अकरा मुलांना बसूच दिलं नव्हतं."

ती शाळा कॉलेजच्या प्राचार्यांच्याच संस्थेची. त्यांनी कागद चाळले आणि सपनाला बोलावून घेतलं.

"हे उत्तर बदला," कोरा कागद पुढं सरकवत ते म्हणाले. "तुमचे अंतर्गत गुण माझ्या हातात आहेत."

गुण गेले तर नोकरीही गेली. सपनानं पेन उचललं. परीक्षेच्या दिवशी वर्गाच्या दाराशी रडत उभी राहिलेली सातवीतली गुंजन तिला आठवली. मग ती लिहीत गेली. कागदावर अकराही मुलांची नावं होती.

तेवढ्यात कालिंदी मॅडम गठ्ठा न्यायला आत आल्या. "हे काय लिहून राहिलीस?"

"सरांनी पुन्हा लिहायला लावलं, मॅडम. आधी नावं राहिली होती."

मॅडमनी दोन्ही कागद पर्समध्ये ठेवले. सपनाचे गुण कापले गेलेच, ती कशीबशी पास झाली. पण मॅडमनी ते कागद शिक्षणाधिकाऱ्यांना दाखवले, जूनमध्ये शाळेला त्या अकरा जणांची परीक्षा घ्यावी लागली, आणि सात जण पास झाले.