शिवप्पा अण्णांच्या खांद्यावरचा हात

मी जाजम बोलतेय. लातूरच्या जिलानीभाईंच्या भाड्यानं द्यायच्या बिछायतीतली. कधी काळी निळ्या-तांबड्या पट्ट्यांची होते, आता निळं कुठलं अन् तांबडं कुठलं ते जिलानीलाही सांगता यायचं नाही. तुमच्यातले कितीक जण माझ्यावर बसून उठले असतील. पण बसताना खाली कोण बघतो? माणूस बघतो ते शेजारी कोण बसलंय तेवढंच.

जिलानीच्या अब्बांनी मला नवीकोरी आणली तेव्हा माझ्यावर चहा सांडला तरी ते कळवळायचे. पुढं एका लग्नात कुणाच्या तरी विडीनं माझ्या कडेला भोक पडलं, कवडीएवढं. त्या दिवशी तर ते जेवलेच नाहीत. माझ्यावर सगळ्या रंगांचे पुढारी बसून गेले. सकाळच्या सभेत एकमेकांचा उद्धार करायचे अन् संध्याकाळी सोयऱ्याच्या लग्नात मांडीला मांडी लावून जिलेबी खायचे. मला त्याचं काही वाटलं नाही. मी बसायची जागा. आलेल्याला नको म्हणणं मला येतच नाही.

मग ती पहाट आली. गणपती बोळवून गावं निजली होती अन् किल्लारीच्या बाजूची भुई हालली. दिवस उजाडला तसं जिलानीनं मला, ताडपत्र्यांना अन् मोठ्या पातेल्यांना टेम्पोत घातलं आणि निघाला. भाड्याचं नावसुद्धा काढलं नाही.

ज्या गावात मला अंथरलं तिथं घर असं उरलंच नव्हतं, नुसते दगड. शिवप्पा अण्णा तिथले पंचायत समितीचे सदस्य. त्यांची बायको भिंतीखाली गेली. पाळण्यातली लेक राजश्री तेवढी जिती निघाली. सगळ्या गावाची माती आटोपली अन् अण्णा माझ्यावर येऊन बसले ते बसलेच.

आमच्याकडं दुखवट्याची एक रीत आहे. ज्याचं माणूस गेलं तो बैठकीतून उठत नाही. कुणीही यावं, त्याच्याजवळ टेकावं, काही बोलू नये. वैरी आला तरी सरकून जागा द्यायची.

तिसऱ्या दिवशी भीमाशंकर आला. त्या भागातला मोठा पुढारी. अण्णांनी मागच्या निवडणुकीत त्याच्यासाठी मतं मागितली होती, हे खरं आहे अन् मी ते झाकणार नाही. तो वाकला, अण्णांच्या शेजारी बसला आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. तेवढ्यात पेपरवाल्यानं फोटो काढला. मी त्या हाताच्या अगदी खाली होते. भीमाशंकरच्या डोळ्यांतलं पाणी माझ्यावर गळलं, ते खोटं नव्हतं. पुढं आपण काय करणार आहोत हे त्या दिवशी त्याचं त्यालाही ठाऊक नसेल.

जिलानी मला न्यायला आला तेव्हा त्याची बायको हाजराबी म्हणाली, "राहू द्या की हो ती इथंच. लेकरू ओल्या भुईवर निजून राहिलंय, दिसंना का तुम्हाला?" म्हणून मी राहिले. पत्र्याच्या शेडात राजश्री माझ्यावर पालथी पडायला शिकली, रांगली. विडीच्या भोकात बोट घालून खिदळायची.

वर्ष सरता सरता बोंब उठली की गावासाठी आलेले पत्रे भीमाशंकरनं परस्पर विकले. अण्णांनी मला खांद्यावर टाकलं, कचेरीच्या दारात अंथरलं अन् एकटे बसले. भीमाशंकरची जीप आली तर काचेतनं हाक आली, "शिवप्पा, ऊठ. आपली माणसं हसून राहिलीत."

"हसू दे. पत्रे आण, मग उठतो."

पत्रे आले नाहीत. अण्णा उन्हात बसून राहिले. तिथं मात्र फोटो काढायला कुणी फिरकलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात छातीत कळ येऊन अण्णा गेले.

भूकंपात घर गाडलं गेलं, त्यात सगळे फोटो गेले. अण्णांचं तोंड उरलं ते पेपरवाल्यानं दिलेल्या त्या एका फोटोत. अण्णांची बहीण साखराबाई माझ्यावर मांडी घालून बसली, कातर घेतली अन् भीमाशंकरला कापून काढलं. "मेल्या, माझ्या भावाशेजारी तुझं तोंड नको." पण खांद्यावरचा हात कापता येईना, अण्णांचा खांदाच गेला असता. हात राहिला.

राजश्री बोलती झाली तसं तिनं विचारलं, "आत्या, ह्यो हात कुणाचा गं?"

साखराबाईनं पोरीला मांडीवर ओढलं. मग म्हणाली, "तुझ्या आईचा."

त्या दिवसापासून पोर रोज फोटोपुढं उभी राहून त्या हाताला बोट लावायची.

मग लातूरचे दिवस पालटले. गल्लोगल्ली क्लास, खोलीखोलीत पोरं, भिंतीभिंतीवर गुणवंतांचे फोटो. भूकंपातल्या गावांची पोरं शिकायला आली तर त्यांना बसायला जागा हवी म्हणून अण्णांच्या माणसांनी अभ्यासिका काढली आणि तिला अण्णांचं नाव दिलं. ती सांभाळायला राजश्रीच. दारावर पाटी, आत तो फोटो. मी तोवर जिलानीच्या गोदामात परत आले होते. लोकांना खुर्च्या हव्या झाल्या होत्या. मी जनरेटर झाकायला होते.

मागच्या निवडणुकीत कुणाला तरी जुन्या पेपरातला अख्खा फोटो सापडला. मोबाइलवर फिरला. बघा, पत्रेचोराच्या मांडीला मांडी लावून कोण बसलंय! मग कुणीतरी अभ्यासिकेतला फोटो त्याच्या शेजारी लावला. कापलेला. झालं. कापला म्हणजे चोरी होती म्हणूनच की!

अभ्यासिकेत बैठक बोलावली. जिलानीनं म्हाताऱ्या हातांनी मला झटकलं अन् तिथं नेऊन अंथरलं.

क्लासवाले श्रीनाथ सर अभ्यासिकेचे सचिव होते. माणूस वाईट नव्हे. जिलानीला म्हणाले, "चाचा, कुणाशेजारी बसावं हे एवढ्या मोठ्या माणसाला कळत नव्हतं?"

"कळत होतं, सर. म्हणून तर उठले न्हाईत. दुखवटा होता तो. हे बघा भोक, फोटोत दिसतंय का? हीच जाजम हाय. ह्याच जाजमीवर ते कचेरीपुढं त्याच्याविरुद्ध बसले."

"त्याचा फोटो आहे?"

जिलानीनं माझ्या भोकावर हात ठेवला.

"मग हा कापला का? ते तरी सांगा."

साखराबाई तर कधीच गेलेली. सगळे राजश्रीकडं बघायला लागले. ती उठली, अख्खा फोटो हातात घेतला. कापून टाकलेला तो हाताचा धनी उभ्या आयुष्यात पहिल्यांदा नीट बघितला. ती काय सांगणार होती? की हा हात माझ्या आईचा आहे म्हणून?

लोकांनी तिचं गप्प राहणं म्हणजे कबुली धरली. पाटी उतरली. आता तिथं एका क्लासचं नाव आहे.

परवा राजश्री गोदामात आली. पदराखाली तोच कापलेला फोटो.

"चाचा, अण्णा कुठं बसले होते?"

जिलानीनं मला जनरेटरवरून ओढलं, पसरलं अन् भोकाशेजारची जागा दाखवली. ती तिथं बसली. फोटो मांडीवर घेतला. बोट हाताकडं नेलं अन् मधेच थांबवलं. जिलानी गुडघे धरत खाली टेकला, तिच्याजवळ, रीतीप्रमाणं. ती सरकली, त्याला जागा दिली. मग तिचं बोट खाली उतरून माझ्या भोकात गेलं, लहानपणी जायचं तसं.

मी आता विरले आहे. या पावसाळ्यानंतर मला कुणी अंथरायचं नाही. जाता जाता एवढंच मागते, बाबांनो. कोण कुणाशेजारी बसलं ते बघाच, मी नको म्हणत नाही. पण त्या दिवशी मला कशासाठी अंथरलं होतं, तेवढं आधी विचारा. अन् मी नसले, तर मी कुठं कुठं अंथरले गेले होते ते सांगणारा एखादा म्हातारा शोधा. तो जिता आहे तोवर.