काळ्या जमिनीचं तबक

सगळ्यात आधी मी नवऱ्यावर, शैलेंद्रवर चिडले, मग सासूबाईंवर, मग त्या सरकारी बाईंवर, आणि शेवटी ज्यांच्यासाठी एवढा आटापिटा केला त्या तौफीककाकांवर. यातला एकही राग अजून धड गेलेला नाही.

सन १९८६. ओहायोतल्या डब्लिनमध्ये घर घेऊन आम्हाला दोन वर्षं झाली होती. शेजारी सॅम नावाचा लेबनीज माणूस राहायचा, त्याचं गाड्या दुरुस्त करायचं दुकान होतं. तौफीककाका त्याचे वडील. लेबननमधल्या त्रिपोली शहरात त्यांचं तांब्याच्या भांड्यांचं दुकान होतं. लढाईत ते जळलं आणि सॅमने त्यांना इकडे आणलं. गॅरेजच्या कोपऱ्यात एक लाकडी ठोकळा, एक स्टूल आणि कापडात गुंडाळलेल्या छिन्न्या, एवढाच आता त्यांचा कारखाना. तिथे बसून ते तांब्याच्या पत्र्यावर नक्षी कोरायचे. पलीकडच्या घरातून आवाजाची तक्रार आल्यापासून फक्त दहा ते बारा.

माझं माहेर पुण्यात, तांबट आळीच्या मागे. लहानपणी त्या ठोकाठोकीला आम्ही सगळे वैतागलेलो असायचो. पण इथे, सातासमुद्रापार, पहिल्यांदा तो आवाज कानावर आला तेव्हा मी हातातली कढई तशीच सिंकमध्ये टाकून बाहेर गेले. तेव्हापासून शनिवार-रविवारी माझी एक फेरी गॅरेजमध्ये ठरलेली. काका मला ‘बिंती’ म्हणायचे, म्हणजे मुली. तोडक्यामोडक्या इंग्रजीत आम्ही तासभर बोलायचो.

त्यांनी त्रिपोलीहून एकच वस्तू आणली होती, परातीएवढं एक गोल तबक. मधोमध आठ पाकळ्यांचं फूल, भोवती वेली आणि वेलींच्या वळणावळणात पक्षी. मोजून बत्तीस पक्षी, आणि एकाची मान दुसऱ्यासारखी नाही. कुणी मागे वळून पाहतोय, कुणी चोचीने पंख साफ करतोय. ही सगळी नक्षी तांब्याच्या लाल रंगात, आणि तिच्यामागची जमीन चंद्रकळेसारखी काळीभोर. त्या काळ्यामुळे पक्षी आत्ता उडतील असं वाटायचं.

“कोरलं मी,” काका सांगायचे, “काळं केलं भावाने.” त्यांच्या दुकानातली ही वाटणी चाळीस वर्षांची. गंधक, कसलंसं तेल आणि आणखी काहीतरी एकत्र करून, ते लावून तबक आचेवर धरायचं, हे काम भावाचं. ते ‘आणखी काहीतरी’ काय, हे काकांनी कधी विचारलं नाही. भाऊ शेजारीच बसलेला असताना विचारायचं कशाला? त्र्याऐंशीत दुकानावर तोफगोळा पडला, त्यात भाऊ गेला. आता गॅरेजच्या भिंतीवर तांब्याचे अकरा तुकडे खिळ्यांना टांगलेले होते. प्रत्येकावर काकांनी वेगळं मिश्रण करून पाहिलेलं. एक तपकिरी झाला, एकाचे तिसऱ्या दिवशी पोपडे निघाले. प्रत्येक तुकडा ते तबकाशेजारी धरायचे, मान हलवायचे आणि पुन्हा टांगायचे. “नमुना समोर आहे तोवर जमेल,” म्हणायचे.

सॅम वाईट मुलगा नव्हता. बापाला दोनदा बाजारात स्टॉल लावून दिला त्याने. तिथे एका गृहस्थाने विचारलं, याला मागून घड्याळ बसवता येईल का? दुसऱ्या एकीने सांगितलं, मॉलमध्ये अशीच तबकं मशीनवर छापलेली मिळतात, आणि ती डिशवॉशरमध्येही चालतात. काका दोन्ही वेळा माल आवरून घरी आले. माझंच डोकं फिरलं.

म्हणून लायब्ररीत मला ती योजना सापडली तेव्हा मी कंबर कसली. राज्याचं कलाखातं जुन्या कारागिराला दोन वर्षांसाठी एक शिष्य देणार होतं. कोलंबसमधल्या आर्ट कॉलेजची प्रतिमा नावाची एक मुलगी शिकायला तयारही होती, आमच्या मंडळातल्या दिगंबरकाकांची नात. फॉर्म चौदा पानांचा. त्यात एक प्रश्न होता, ‘आपल्या कलेचे समाजातील स्थान तीनशे शब्दांत लिहा.’ काका म्हणाले, “लग्नात देतात.” उरलेले दोनशे अठ्ठ्याण्णव शब्द मी लिहिले.

शनिवारी त्या खात्याच्या बाई स्वतः बघायला येणार होत्या. त्यांना तबकाच्या स्लाइड्सही हव्या होत्या. शैलेंद्रकडे चांगला कॅमेरा होता, म्हणून गुरुवारी संध्याकाळी मी तबक घरी आणलं. काकांनी ते चादरीत गुंडाळून दिलं आणि आमच्या दारापर्यंत सोबत आले.

“आज लाइट नाही गं,” शैलेंद्र म्हणाला, “उद्या सकाळी काढतो, प्रॉमिस.”

सकाळी त्याला मीटिंग आठवली. “संध्याकाळी नक्की! फोटोच तर काढायचेत, यार.”

मी तबक डायनिंग टेबलावर ठेवलं आणि ऑफिसला गेले. घरी होत्या फक्त सासूबाई, सहा महिन्यांसाठी पुण्याहून आलेल्या.

संध्याकाळी परतले तर टेबल रिकामं.

“आई, तबक कुठंय?”

“देऊन आले शेजारी,” आई खुशीत होत्या. “अगं, किती काळं पडलं होतं ते! लोकांचं भांडं असं परत करायचं का? तुमच्या त्या लिक्विडने काही होईना. मग चिंच-मीठ लावलं, त्यांच्याच नातवाच्या खेळायच्या जागेतली वाळू आणली चिमूटभर. दुपारभर घासलं. असं लख्ख निघालं म्हणतेस! आणि रिकामं कसं द्यायचं, म्हणून बेसनाचे लाडू ठेवले वर. त्या म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं बघ.”

मी काय बोलले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. ते काळं मुद्दाम केलेलं होतं, त्यांच्या मेलेल्या भावाच्या हातचं होतं, एवढं मात्र ओरडून सांगितलं. आईंचा चेहरा पांढराफटक पडला. मी तशीच चपला न घालता शेजारी धावले.

काका गॅरेजमध्ये स्टुलावर बसले होते. तबक मांडीवर. लाडू नीट एका बशीत काढून ठेवलेले, एक अर्धा खाल्लेला. तबक उजेडात नुसतं चमचमत होतं. काळ्याचा टिपूस नाही. जमीन आणि नक्षी एकाच रंगाची, त्यामुळे पक्षी शोधावे लागत होते. वाळूने त्यांच्या मानांवरच्या पिसांच्या बारीक रेघाही गेल्या होत्या.

“बघ, बिंती,” ते हळूच म्हणाले, “कोपऱ्यातसुद्धा डाग ठेवला नाही. किती मेहनत घेतली तुझ्या आईने.”

मी रडायलाच लागले.

“तिला सांगू नकोस,” ते म्हणाले.

सांगून झालं होतं.

शनिवारी अकरा वाजता कलाखात्याच्या मिसेस हॅनिंग आल्या. मी त्यांना सगळी हकीकत सांगायची म्हणून रात्री मनाशी वाक्यं जुळवून ठेवली होती. नमुना बिघडलाय, पण कोरण्याचं कसब जागेवर आहे, असं बोलायचं ठरवलं होतं. पण मी सुरुवात करायच्या आतच त्यांनी तबक पाहिलं.

“ओ, हाऊ गॉर्जस!” त्यांनी ते खिडकीकडे नेलं. “इतकं ब्राइट! लोक मला फार काळपट, उदास वस्तू दाखवतात हो. हे माहितीपत्रकाच्या कव्हरवरच घालते मी.”

मी म्हणाले, “मॅडम, हे मुळात असं नव्हतं. ह्याची जमीन काळी होती.”

“असेल,” त्या हसल्या. “पण मला हेच आवडलं. मिस्टर तौफीक, त्या मुलीला अगदी असंच करायला शिकवा. माझ्याकडून तुमचं काम मंजूर.”

मंजूर! चौदा पानं, तीन महिने, आणि मंजूर! सॅमने बापाच्या पाठीवर थाप मारली. काकांनी तबक बाईंच्या हातातून काढून घेतलं, ठोकळ्यावर ठेवलं आणि म्हणाले, “हे माझं काम नाही. मी शिकवणार नाही.”

“अहो, हो म्हणा की!” मी चक्क मराठीत ओरडले. मग इंग्रजीत. कोरणं तर शिकवा, म्हटलं. अर्धं तरी कुणाच्या हातात जाऊ दे. उद्या तेही राहणार नाही.

“ती मुलगी येईल,” काका म्हणाले, “मी तिला हे दाखवीन. तिला वाटेल, हे असंच असतं. मीही अर्धंच शिकलो, बिंती. चाळीस वर्षं मला वाटत होतं की मला सगळं येतं.”

मिसेस हॅनिंगनी घड्याळाकडे पाहिलं, विचार बदलला तर कळवा म्हणाल्या आणि गाडीत बसल्या. मी पण तोंड फिरवून निघाले. मला काकांचं पटलं नव्हतं. आजही पटत नाही. एका चांगल्या मुलीच्या हातात छिन्नी आली असती, तिने पुढे काहीतरी शोधलं असतं, चुकतमाकत का होईना. पण त्यांनी विचार बदलला नाही, आणि भिंतीवरचे अकरा तुकडे त्यांनी त्या रविवारी उतरवले. प्रतिमाला फोन करून नको येऊस म्हणून सांगायचं काम माझ्याकडे आलं.

पुढच्या आठवड्यात काका आमच्या दाराशी आले. हातात तेच तबक, त्यावर खजूर भरलेल्या बिस्किटांची रास. त्यांच्याकडेही शेजाऱ्यांचं भांडं रिकामं परत करत नाहीत म्हणे. हे तबक आमचं नाही, हे सांगायला मी तोंड उघडलं, तर ते मला ओलांडून पुढे गेले. आईंच्या हातात त्यांनी ते दिलं. आईंना इंग्रजी येत नव्हतं. तबक तसंच हातात धरून त्या खाली वाकल्या आणि नमस्कार केला. काकांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला, जरी आई त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठ्याच असतील.

जुलैत आई पुण्याला गेल्या. जाईपर्यंत त्यांनी त्या तबकाला हात लावला नाही. बिस्किटंसुद्धा मीच काढली.

आता ते आमच्या टेबलावर असतं. घासायचं नाही, असं मी घरात सांगून ठेवलंय. हवेने ते हळूहळू काळवंडतंय, पण पाकळी, पक्षी, जमीन, सगळं सारखंच काळं होतंय. शैलेंद्र म्हणतो, घासून तरी टाक, नाहीतर देऊन तरी ये. दहा वाजले की मी खिडकी उघडते, पण गॅरेजमधून ठोकण्याचा आवाज येत नाही. द्यायचं म्हटलं तर रिकामं देता येत नाही, आणि त्यात काय घालून न्यावं हे मला अजून सुचलेलं नाही.