साहेबांच्या दाढा

माणसं मांजराचं तोंड उघडून बघत नाहीत, हा डॉक्टरीणबाईंचा जुना राग. मांडीवर घेतील, मुके घेतील, त्याचे फोटो काढून जगाला दाखवतील, पण तोंडाला वास मारायला लागला की म्हणतील, मांजरच ते, वास येणारच. मग एक दिवस ते खाणं सोडतं आणि मंडळी डोळे पुसत दवाखान्यात हजर. वर तोंड करून विचारणार, असं अचानक कसं झालं हो? अचानक म्हणे. वर्षभर हिरड्या सडत होत्या तेव्हा तुम्ही काय डोळ्यांवर पट्टी बांधून बसला होतात, असं डॉक्टरीणबाई तोंडावर विचारायच्या. त्यांच्या जिभेला सगळे वचकून असत. पण हात चांगला, म्हणून बोलणी खाऊनही लोक त्यांच्याकडेच येत.

या सगळ्या नमुन्यांत पहिला नंबर घड्याळवाले आणि त्यांच्या बायकोचा. नवरा घरातल्या पुढच्या खोलीत घड्याळं दुरुस्त करी, बायको मागच्या खोलीत कपडे शिवी, आणि एका छपराखाली राहून दोघं वर्षानुवर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. भांडण कशावरून, तर खिडकीवरून. त्याला ती उघडी हवी, तिला बंद. एवढ्यापायी दोन धडधाकट माणसांनी अबोला धरला आणि संसार चालवला तो मांजरामार्फत. मांजराचं नाव साहेब. चांगला गलेलठ्ठ, पिवळा बोका.

"साहेब, म्हणावं, जेवण झाकून ठेवलंय."

"साहेब, सांगा त्यांना, आम्ही जरा बाहेर जाऊन येतो."

तपासणीच्या टेबलावरही हाच प्रकार. डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसू दाबत त्या आतल्या खोलीत पळाल्या होत्या. पुढे तो त्यांचा ठेवणीतला किस्सा झाला. दुपारच्या चहाला त्या दोघांची नक्कल करून दाखवायच्या आणि प्रत्येक खेपेला त्यात नवी भर घालायच्या. काउंटरवरच्या बाई हसून हसून बेजार व्हायच्या.

तर या साहेबांच्या मागच्या दाढा आतून पोखरल्या होत्या आणि हिरड्या लालबुंद झाल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी आधी नवराबायकोला फैलावर घेतलं आणि मग बोक्याला भूल दिली. एकेक दाढ मुळासकट काढली, हिरड्यांना विरघळणारे टाके घातले, एखादा तुकडा आत राहिला नाही ना म्हणून पुन्हा एक्स-रे काढून बघितला. काम असं नेटकं झालं की स्वतःवरच खूश होऊन त्यांनी तो एक्स-रे सगळ्यांना दाखवला.

आणि आठवडाही झाला नाही तोच ही जोडी परत दारात. साहेब पिंजऱ्यात आडवे पडलेले, अंगात त्राण नाही.

"दाढा काढल्यापासनं बिघडलंय," शिवणवाल्या बाई म्हणाल्या. "आधी जरा खात होता. मग उलट्या सुरू झाल्या. आता पाण्याकडेसुद्धा बघत नाही."

डॉक्टरीणबाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. दाढा काढल्यापासनं. म्हणजे खापर त्यांच्यावर. त्यांनी तोंड उघडून बघितलं. टाके जागच्या जागी, हिरड्या कोरड्या, पू नाही, सूज नाही. "या तोंडात काही बिघडलेलं असेल तर मी धंदा सोडते," असं म्हणून त्यांनी रक्त काढलं.

रक्ताचा अहवाल मशीनमधून बाहेर आला आणि त्यांचा चेहरा पडला. मूत्रपिंडं बसली होती.

सलाईन लावून झाल्यावर त्यांनी विचारलं, "दुखण्याचं औषध किती दिलंत?"

"साहेब, सांगा डॉक्टरांना," बाई मांजराच्या कानाशी वाकून म्हणाल्या. "मी रोज सकाळी दिलंय. सिरिंजवरच्या खुणेइतकं. एक दिवस चुकवलं नाही."

"साहेब," घड्याळवाले दुसऱ्या बाजूने म्हणाले, "आम्हीसुद्धा रोज संध्याकाळी दिलंय की. खुणेइतकंच."

दोघांच्याही आवाजात केवढा अभिमान. मग तो विरत गेला आणि किती वर्षांनी कोण जाणे, दोघांनी एकमेकांच्या तोंडाकडे बघितलं.

डॉक्टरीणबाईंनी कपाळावर हात मारला. ते औषध मांजराला दिवसातून एकदाच सोसतं, तेही मोजून. दुप्पट गेलं की मूत्रपिंडं जातात. आणि मग त्यांची जीभ जी सुटली ती सुटलीच.

"एकमेकांना एवढं विचारता आलं नाही, औषध दिलं का म्हणून? अक्कल काय गहाण टाकली होतीत? चार शब्द बोलला असतात तर जीभ झडली असती का? त्या खिडकीत एकदाच्या विटा घातल्या असत्यात तर बरं झालं असतं. खिडकीपायी या मुक्या जिवाचं वाटोळं केलंत तुम्ही."

बाहेर बसलेल्या लोकांपर्यंत आवाज जात होता आणि तो जावा अशीच डॉक्टरीणबाईंची इच्छा होती. शिवणवाल्या बाई खालमानेने ऐकत होत्या. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी हनुवटीपर्यंत आलं होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. घड्याळवाल्यांनी खिशातून एक बाटली काढली आणि टेबलावर ठेवली.

"चूक माझी," ते म्हणाले, आणि ते साहेबांना म्हणाले नाहीत, बायकोला म्हणाले. "बाटली तुझ्या कपाटात होती. तुझं कपाट मला उघडायचं नव्हतं. म्हणून मी इथे येऊन वेगळी मागून नेली."

"मी तरी कुठे सांगितलं तुम्हाला, की मी देतेय म्हणून," बाई म्हणाल्या. "मला वाटलं, तुम्हाला काही पडलेलीच नाही त्याची."

"डॉक्टर बोलतात ते बरोबर आहे. त्यांचा काय दोष? आपण औषधापुरतंही बोलत नाही हे त्यांना काय ठाऊक?"

डॉक्टरीणबाई पुढचं वाक्य बोलायला तोंड उघडून होत्या. मग त्यांनी टेबलावरची बाटली उचलून बघितली.

बाटली त्यांनीच दिली होती. त्या दिवशी दवाखान्यात गर्दी होती, हा माणूस काउंटरपाशी अवघडून उभा राहिला आणि म्हणाला, त्या कपाटाला मी हात लावत नाही, मला वेगळी द्या. अबोल्यावर माझ्याकडे औषध नाही, बाटली आहे ती न्या, असं त्या म्हणाल्या होत्या. बायकोला सांगितलेलं सगळं त्यालाही सांगितलं होतं, रोज एकदा, न चुकता. त्याची पाठ वळते न वळते तोच त्यांनी नक्कल सुरू केली. म्हणे, आता साहेबांना दोन बाटल्या, एक माहेरची, एक सासरची. केवढ्या हसल्या होत्या. दोन बाटल्या एकाच पोटात जाणार, हे एका क्षणासाठीही त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. दुसऱ्या कुठल्या डॉक्टरने असले दिवे लावले असते, तर त्यांनी त्याला चौकात उभं करून सोललं असतं.

गप्प बसायला वेळ सोयीची होती. दोघांनी सगळं आपल्या अंगावर घेतलं होतं, डॉक्टरीणबाईंना दोष देणारं कुणी उरलं नव्हतं. पण आपण अशा मूग गिळून बसलोय, याचीच त्यांना किळस आली.

"मला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही बोलत नाही, हे मला चांगलं ठाऊक होतं. तरी दुसरी बाटली दिली मी. आणि तुम्ही गेल्यावर तुमच्यावर हसले. पोट धरून हसले."

घड्याळवाल्यांनी मान वर केली. शिवणवाल्या बाईंनी तीही केली नाही. त्या बोटाने बोक्याच्या कानामागे खाजवत होत्या.

"हसलात तर हसलात," त्या म्हणाल्या. "हसण्यासारखेच आहोत आम्ही. हा वाचेल का, तेवढं सांगा."

डॉक्टरीणबाईंनी सलाईनच्या नळीकडे बघितलं, खाली अंथरलेल्या कोरड्या कापडाकडे बघितलं. इतकं सलाईन गेलं, पण लघवीचा थेंब नव्हता.

"कठीण आहे."

"कठीण म्हणजे?" घड्याळवाल्यांनी विचारलं.

"नाही वाचणार," त्या कशाबशा म्हणाल्या.

शिवणवाल्या बाई टेबलालगतच्या बाकावर बसल्या, जरा सरकल्या आणि त्यांनी नवऱ्याला जागा करून दिली.

"या, इकडे बसा," त्या म्हणाल्या. "अजून ऊब आहे त्याच्या अंगाला."