वाघाला कोण भितं?

आमचं ‘वाघोबा’ मशीन पहिली दोन वर्षं धडाक्यात खपलं. शेतात खांबावर पेटी बसवायची, दर पंधरा मिनिटांनी ती डरकाळी फोडायची आणि रानडुकरं धूम ठोकायची. यंदा मात्र डुकरं त्याच खांबाला पाठ घासून हरभरा खाऊ लागली. आर्णीतल्या आमच्या दोन खोल्यांच्या कारखान्यात पेट्यांची थप्पी लागली.

त्यात पैसे लावलेले माझ्या थोरल्या भावानं, खेमसिंगनं. एसटीतून निवृत्त होताना मिळालेली सगळी पुंजी. भीती वाटणारच, पण मालाची हवा गेली म्हणून तांडाभर सांगत फिरायची काय गरज होती? एक दिवस तो याडीला, म्हणजे आमच्या आईला, घेऊन कारखान्यात आला आणि माझ्या नवऱ्याला म्हणाला, “सुनील, डुकराले समजलं, तुले कवा समजन? माहा पैसा वापस दे.”

पैसे गेले असते तर कारखान्याला कुलूपच. याडी त्याच्यावर अशी भडकली की गोरबोलीत, आमच्या बंजारा भाषेत, त्याची लहानपणापासूनची कुंडली मांडली. शेवटी ठरलं, खेमसिंगच्याच शेतात मशीन आठ दिवस लावायचं. तोवर तिकडे कोणी फिरकायचं नाही. डुक्कर शिरलं तर पैसे परत. सुनील टेबलावर जी पेटी उघडून बसला होता, तीच बंद करून त्यानं दिली.

आठ दिवस मला घास गोड लागला नाही. नवव्या दिवशी सकाळी खेमसिंगला घेऊन आम्ही शेतात गेलो. हरभऱ्याचा एक घाटा तुटला नव्हता. मी बांधावरच बसले. इतकं हलकं कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

तेवढ्यात पेटी वाजली. डरकाळी नाहीच. याडी खेमसिंगला झाडत होती, त्या दिवशीचं शब्दन्‌शब्द. सुनीलनं कपाळावर हात मारला. तेव्हा रेकॉर्डिंगचं बटण चालू राहिलं होतं. वाघ पुसला गेला आणि याडी भरली गेली.

मला मात्र हसू फुटलं. चाळीस वर्षं याडीनं याच शेतात मचाणावर बसून जागल केली. मशीन आलं तेव्हा कुठे सोडली. तिच्या शिवीमागून गोफणीचा दगड येतोच, हे इथल्या डुकरांना पक्कं ठाऊक. वाघामागून कधी काही आलंच नव्हतं.

सुनील म्हणाला, आता पेटी कोरीच विकायची. ज्याचं शेत, त्याच्या घरचा आवाज. मग चाचरत त्यानं पैशांचं विचारलं.

शिव्या संपेपर्यंत खेमसिंग पेटीपुढे मान खाली घालून उभा होता.

“राहू दे,” तो म्हणाला. “साठीले आलो, तरी या आवाजाले भेतो मी. हा माल खपन.”